पाच टेकचं एक गाणं करताना जोड का ऐकू येतात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बहिणीच्या आवाजात एक भावगीत कराओके ट्रॅकवर घरीच रेकॉर्ड केलंय, बेडरूममध्ये, यूएसबी कंडेन्सर माइकवर, सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. शनिवारी रात्री तीन टेक झाले, म्हणजे अख्खं गाणं तीनदा गाऊन रेकॉर्ड केलं, आणि रविवारी सकाळी दोन. मग तुम्ही प्रत्येक ओळ पाचही टेकमध्ये ऐकून त्यातली बेस्ट निवडली, सगळ्या जोडल्या, जोडावर क्रॉसफेड टाकले, म्हणजे एक तुकडा हळूहळू बंद आणि त्याच वेळी दुसरा हळूहळू चालू, क्लिक-बिक कुठे येत नाही, पण सलग ऐकलं की दोन-तीन वेगळ्या बायका आळीपाळीने गातायत असं वाटतं. आणि शेवटी विचारलंय की क्रॉसफेड किती मिलिसेकंदांचा ठेवायचा.

क्रॉसफेडचे आकडे खाली देतोच, पण तुमचा प्रॉब्लेम तिथे नाहीये. क्लिक येत नाही म्हणजे जोड टेक्निकली बसलाय. कान अडखळतोय तो जोडाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आवाजात फरक आहे म्हणून, आणि तो फरक क्रॉसफेड १० चा केला काय किंवा १०० चा केला काय, तसाच राहणार. म्हणजे गडबड टेक निवडताना झालीय, आणि थोडी त्याच्याही आधी माइकसमोर.

आता निवडीबद्दल. प्रत्येक ओळ सुटी ऐकून त्यातली सगळ्यात चांगली घ्यायची ही पद्धत ऐकायला एकदम बरोबर वाटते, पण सुटी ऐकली की आपल्याला नेहमी जी जास्त जोरात, जास्त भावनेने, जास्त हरकती घेऊन गायलीय तीच आवडते. मग होतं काय की सगळ्याच ओळी टोकाच्या येतात. गाण्यात काही ओळी साध्या असाव्या लागतात, नुसत्या पुढच्या ओळीकडे नेणाऱ्या, आणि त्या साध्या ओळी या निवडीत पहिल्या कापल्या जातात. शिवाय प्रत्येक टेकचा एक मूड असतो, पहिल्या टेकला गायिका जरा दबकत असते, दुसऱ्या-तिसऱ्याला मोकळी होते, पुढे घसा थकतो आणि आवाजाला थोडी खर येते. ती खर पण सुंदर असते कधीकधी, पण मोकळ्या आवाजाच्या दोन ओळींमध्ये एकच खरखरीत ओळ आली की ती उपरीच वाटते.

मी काय करतो ते सांगतो. आधी सगळे टेक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो, म्युझिकसकट, आवाज एकटा न काढता, आणि हातात गाण्याचे शब्द छापलेला कागद. त्यावर ओळीसमोर टेकचा नंबर आणि खूण, बरोबरची खूण म्हणजे छान, प्रश्नचिन्ह म्हणजे चालेल, फुली म्हणजे नाही. पण त्या खुणांवरून लगेच कापाकापी करत नाही. आधी एक मुख्य टेक ठरवतो, ज्यात गाणं गाणं म्हणून सगळ्यात जास्त पटतंय, मग त्यात दोन सूर खाली असले आणि एक शब्द चुकला असला तरी चालेल. आणि मग जिथे खरंच कानाला टोचतंय तिथेच दुसऱ्या टेकचा तुकडा लावतो. भावगीत, अभंग असल्या गाण्यांमध्ये माझ्याकडे शेवटी बहुतेक सगळं गाणं एका किंवा दोन टेकमधलंच राहतं. चांगला रफूवाला दोरा त्याच कापडाच्या शिवणीतून काढतो, तसं ठिगळाचा तुकडा शक्यतो मुख्य टेकच्या अगदी मागच्या किंवा पुढच्या टेकमधून घ्यायचा, कारण त्या वेळी घसा, उभं राहणं, माइकपासूनचं अंतर सगळं जवळपास सारखंच असतं.

हे अर्थात गाण्यावर अवलंबून आहे. पॉप, रॅप, जाहिरातीचं जिंगल असल्या कामात शब्दाशब्दाला टेक बदलतात आणि कुणाला कळतही नाही, कारण वर कम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारा इफेक्ट) जोरात असतो, आवाज डबल केलेला असतो, मागे ढीगभर म्युझिक असतं. तुमच्या गाण्यात मागे बासरी, तबला आणि मध्ये मोकळ्या जागा आहेत म्हणता, तिथे आवाज उघडा पडतो. आणि गायिकेवरही अवलंबून आहे. क्लासिकल शिकलेली असेल तर प्रत्येक टेकला हरकत वेगळी घेणार, त्यामुळे ओळी एकमेकींत बसवणं उलट जास्त अवघड जातं. न शिकलेली असेल तर सगळे टेक एकसारखे असतात, फक्त सूर कमीजास्त.

आता शनिवार रात्र आणि रविवार सकाळ. माझा अंदाज आहे की तुमच्या "दोन-तीन बायकां"मधल्या दोन इथून आल्यात. सकाळी आवाज जड असतो, खर्ज जास्त, वरचे सूर लागायला वेळ लागतो. रात्री बारा तास बोलून झालेला घसा तापलेला असतो. त्यात माइकसमोर आपण दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभे राहतो असं आपल्याला फक्त वाटतं. घरात वापरतात ते बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारे, आणि त्यांना जवळ गेलं की खर्ज फुगतो. २० सेंटिमीटरवरून १० वर आलात तर थेट आवाज साधारण ६ डीबीने (डेसिबलने) वाढतो, वर आवाज जाड होतो तो वेगळाच, आणि खोलीचा गुंजारव कमी वाटायला लागतो. म्हणजे एका वितीच्या आत तीन गोष्टी बदलल्या. लेव्हल तुम्ही स्लायडरने सारखी कराल, पण जाडी आणि खोली तशीच राहते.

त्यामुळे तुमच्या केसमध्ये मी शनिवारचा एक टेक मुख्य धरेन आणि रविवारच्या ओळी शनिवारच्या ओळींच्या मध्ये अजिबात घुसवणार नाही. रविवारचं काही फारच चांगलं असेल तर अख्खा अंतरा घ्या, म्हणजे बदल म्युझिक पीसच्या पलीकडे होईल. मधल्या दहा-पंधरा सेकंदांच्या बासरीत कान मागचा आवाज बराचसा विसरतो. आवाज बदलणारच असेल तर गाणं जिथे बदलतं तिथे बदलू द्यावा. बीटल्सचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' १९६६ साली असंच जोडलेलं आहे, दोन टेक, वेगळी पट्टी, वेगळा स्पीड, टेपचा वेग कमीजास्त करून साधारण पहिल्या मिनिटाला एकमेकांना लावलेत. जोडानंतर आवाजाचा पोत बदललेला ऐकू येतो, पण त्याच क्षणाला मागचं वाद्यसंगीतही बदलतं म्हणून कुणी अडखळत नाही.

तरीही दोन दिवसांचं मिसळावंच लागलं तर जो आवाज जाड आहे त्याला इक्यूमध्ये (आवाजाचा जाड-बारीकपणा कमीजास्त करायचं साधन) लो शेल्फ लावून साधारण २०० हर्ट्झच्या खालचा सगळा भाग २-३ डीबी कमी करा, आणि दोन्ही आवाज आलटून पालटून ऐका. यापेक्षा जास्त ओढाताण करू नका, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. आणि एक गोष्ट बरेच जण करतात ती करू नका, प्रत्येक तुकडा वेगळा नॉर्मलाइज करणं, म्हणजे त्याची लेव्हल आपोआप ठरावीक उंचीपर्यंत वाढवणं. नॉर्मलाइज फक्त सगळ्यात उंच टोक बघतं, कानाला किती मोठं लागतंय ते बघत नाही. शिवाय हळू गायलेली ओळ त्यामुळे उचलली जाते आणि तिच्याबरोबर पंखा, फ्रिज, रस्ता सगळंच वर येतं. लेव्हल कानाने जुळवा, तुकड्याच्या गेनने (आवाज कमीजास्त करायच्या बटणाने), कम्प्रेसर लावायच्या आधी. कम्प्रेसर आधी लावून मग कापलं तर प्रत्येक टेकमध्ये तो वेगळ्या जागी दाबतो आणि जोड परत उघडे पडतात.

नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा खोलीचा आवाज कमी करणारा इफेक्ट, लावलंय का ते तुम्ही लिहिलं नाही. लावलं असेल तर दोन दिवसांचे नॉइज प्रोफाइल (मागच्या आवाजाचे नमुने) वेगळे घ्या, रात्रीची शांतता आणि सकाळची शांतता एक नसते, आणि ६ डीबीच्या आसपास थांबा. ओळींच्या मध्ये पूर्ण सायलेन्स टाकायचा मोह टाळा. मागे खोलीचा बारीक आवाज चालू आहे आणि मध्येच तो एकदम शून्य झाला तर ते कानाला लगेच कळतं. पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच्या आधी वीस-तीस सेकंद कुणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवा, भोकं बुजवायला तोच लागतो.

आता कुठे कापायचं, हा खरा मजेचा भाग.

पहिली जागा श्वास. दोन ओळींच्या मध्ये गायिका श्वास घेते, तिथे कापणं सगळ्यात सोपं, पण श्वास कुठल्या टेकमधला ठेवायचा हे लोक बघत नाहीत. श्वास नेहमी पुढच्या ओळीचा असतो. जोरात उचलायची ओळ असेल तर श्वास भरून आणि पटकन घेतलेला असतो, हळुवार ओळ असेल तर नुसता नाकाने. म्हणून पुढची ओळ ज्या टेकमधली, श्वासही त्याच टेकमधला, आणि जोड श्वासाच्या आधी. मागच्या टेकचा श्वास आणि पुढच्या टेकची ओळ असं केलं की मोठा श्वास घेऊन बाई पुटपुटली असं काहीतरी विचित्र होतं, आणि दोन्ही टेकचे श्वास चुकून एकावर एक राहिले तर त्याहून वाईट. काही जण सगळे श्वास कापूनच टाकतात. मला ते पटत नाही, गाणं गुदमरल्यासारखं वाटतं, फार मोठा वाटला तर श्वास ६-८ डीबीने खाली घ्या फक्त. श्वास कुठे आणि कसा घ्यायचा हे संगीतकार अनिल विश्वास यांच्याकडून शिकले असं लताबाई स्वतः सांगायच्या, म्हणजे ही गायकीतलीच गोष्ट आहे, एडिटिंगमधला कचरा नाही.

दुसरी जागा व्यंजनं, आणि इथे मराठी आपल्याला खूप मदत करते. क, ट, त, प, च ही व्यंजनं उच्चारायच्या आधी तोंड क्षणभर पूर्ण बंद होतं. त्या क्षणी आवाज जवळजवळ नसतोच, वेव्हफॉर्ममध्ये तुम्हाला छोटी सपाट जागा दिसेल. "पाऊस" शब्द दुसऱ्या टेकमधला घ्यायचाय तर प फुटायच्या बरोब्बर आधी कापा, ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, कुणाच्या बापाला कळणार नाही. शब्दाच्या मध्येही जमतं, "एकटी"मध्ये क च्या आधी किंवा ट च्या आधी. स, श सारखी सळसळणारी व्यंजनंही चांगली, तिथे सूरच नसतो, नुसता हवेचा आवाज असतो, म्हणून स च्या पोटात कापलं तरी चालतं, फक्त दोन्ही स सारखेच धारदार आहेत ना ते बघा.

म, न, ल, ळ, र, य, व इथे मात्र सांभाळून. "मन" शब्दात म पासूनच सूर चालू होतो आणि तो आधीच्या स्वरातून सरकत येतो, त्यामुळे शब्दाच्या तोंडाशी कापायला जागाच नसते. असल्या वेळी मागे जाऊन आधीच्या शब्दातलं एखादं कडक व्यंजन शोधायचं आणि तिथून दोन्ही शब्द उचलायचे. एका शब्दासाठी तीन शब्द बदलावे लागले तरी बदला, जोड लपणं महत्त्वाचं.

आणि लांब धरलेल्या स्वराच्या मध्ये शक्यतो कापूच नका. आ किंवा ई धरलाय, दोन टेकमध्ये सूर अगदी केसभर वेगळा आहे, त्यात लांब क्रॉसफेड टाकला की तेवढ्या वेळात दोन्ही आवाज एकदम वाजतात आणि आवाज पोकळ होतो किंवा क्षणभर दोघीजणी गातात. नाइलाजच असेल तर क्रॉसफेड ५-१० मिलिसेकंदांचाच ठेवा आणि झूम करून दोन्हीकडच्या लाटा एकावर एक बसवा, लाट वर जाते तिथे पलीकडचीही वरच जायला हवी. ३०० हर्ट्झच्या सुराची एक लाट साधारण ३.३ मिलिसेकंदांची असते, म्हणजे सरकवायचं आहे ते एवढंसंच. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं), मुरकी, खटका, तान यांच्या आत तर बोटही लावायचं नाही. मींड एका टेकमध्ये सुरू होऊन दुसऱ्या टेकमध्ये संपली असं मी यशस्वी झालेलं फार क्वचित पाहिलंय. अख्खी जागा उचला नाहीतर आहे ती राहू द्या.

आता तुमचे आकडे. व्यंजनाच्या आधी ५ ते १०, श्वासाच्या आधीच्या मोकळ्या जागेत ३० ते १०० मिलिसेकंद, तिथे लांबच बरा, खोलीचा आवाज हळूच बदलतो. ऑडॅसिटीत दोन ट्रॅकवर तुकडे थोडे एकमेकांवर चढवून क्रॉसफेड ट्रॅक्स वापरा, त्यात कॉन्स्टंट पॉवर आणि कॉन्स्टंट गेन असे प्रकार आहेत. दोन वेगळ्या टेकच्या मध्ये कॉन्स्टंट पॉवर, नाहीतर मधोमध आवाज किंचित खाली बसतो. लाटा जुळवून स्वराच्या मध्ये जोडताय तर कॉन्स्टंट गेन, नाहीतर उलट तिथे फुगवटा येतो. तसं ऑडॅसिटीत हे काम जमतं पण किचकट होतं, रीपर नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टेक एकाखाली एक लावून हवा तो भाग निवडता येतो आणि ते ६० दिवस ट्रायलवर वापरता येतं, एकदा बघाच.

लय. याबद्दल कुणीच विचारत नाही आणि "वेगळीच बाई गातेय" असं वाटायचं हे एक छुपं कारण असतं. तुमचं गाणं समजा ९० च्या टेम्पोला आहे, एक मात्रा साधारण ६६७ मिलिसेकंदांची. एका टेकमध्ये ती ठेक्याच्या थोडी मागे, रेलून गातेय, ४०-५० मिलिसेकंद उशिरा. दुसऱ्या टेकमध्ये बरोब्बर ठेक्यावर. दोन्ही बरोबरच आहे, पण एकापाठोपाठ एक आलं की स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. जोडल्यावर डोळे मिटून फक्त तबला आणि आवाज यांच्यातलं अंतर ऐका आणि तुकडा २०-३० मिलिसेकंद मागेपुढे सरकवून बघा. पण हेडफोनमधून कराओके माइकमध्ये झिरपलं असेल तर सरकवल्यावर ते झिरपलेलं म्युझिक मूळ ट्रॅकशी जुळत नाही आणि तबल्याला घुमारा येतो. म्हणून हेडफोन बंद कपाचे आणि आवाज कमी. ब्लूटूथ तर अजिबात नको, उशिरा ऐकू येतं म्हणून गाणंही उशिरा येतं.

याच कारणाने धृवपद एकदाच चांगलं गाऊन सगळीकडे कॉपी करायची आयडिया पण मला आवडत नाही. कराओके खऱ्या वादकांकडून वाजवून घेतलेला असेल तर लय जराजरा हलत असते, कॉपी बसत नाही, आणि बसली तरी अंतऱ्यानंतर परत येणारं धृवपद गायिका कधीच पहिल्यासारखं गात नाही.

सूर दुरुस्त करायचा तर सगळं जोडून झाल्यावरच, आधी नाही. मेलोडाइन वगैरे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर वापरलंत तर मींड सरळ होणार नाही आणि आंदोलित (हळू झुलणाऱ्या) कोमल गंधाराला जवळच्या पट्टीवर चिकटवलं जाणार नाही एवढं बघा, आपोआप मोड बंदच ठेवा आणि जे दोन-चार सूर खरंच बाहेर आहेत तेवढेच हाताने हलवा.

जर बहीण परत गायला तयार असेल तर माझा सल्ला, कापाकापीत रात्र घालवण्यापेक्षा अर्धा तास परत रेकॉर्ड करा. मुख्य टेक तिच्या हेडफोनमध्ये वाजवा, ती दोन ओळी आधीपासून त्याच्याबरोबर गात येईल, तुम्ही मुख्य टेकचा आवाज हव्या त्या ओळीच्या तोंडाशी बंद करा, आणि ती ओळ झाल्यावरही तिला पुढची एक ओळ गाऊ द्या. थंड बसलेल्या माणसाला "ही एकच ओळ म्हण" सांगितलं की ती ओळ नेहमी सुटी वाटते, सूर बरोबर असला तरी. शनिवारच्याच वेळेला, रात्रीच, जमिनीवर पायाच्या जागी चिकटपट्टी लावून, माइकची उंची तीच, गोधड्या टांगल्या होत्या तर त्याही तशाच. एक कान हेडफोनच्या बाहेर ठेवून गात असेल तर परतही तसंच. काळी चारमध्ये गायलीय म्हणता, तर आधी पाच-दहा मिनिटं तानपुरा लावून त्याच पट्टीत गळा फिरवून घ्या.

तपासताना स्क्रीन बंद करा, हे गमतीत नाही सांगत. जोड डोळ्यांना दिसत असला की कान तिथे थांबतोच. चार ओळी मागून ऐका, जोडाच्या पाशी उडी मारून नको. एकदा रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) बंद करून, एकदा चालू करून, एकदा मोबाइलच्या स्पीकरवर. रिव्हर्ब पूर्ण जोडलेल्या ट्रॅकवर एकच लावा, त्याने शेपट्या एकमेकांत मिसळतात आणि बरंच झाकलं जातं, पण ते शेवटी. आणि घरातल्या कुणालातरी काही न सांगता ऐकवा. "जोड कळतात का" असं विचारलंत की त्यांना नसलेले जोडही कळतात.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा: शनिवारच्या तीनमधला एक मुख्य टेक, ठिगळं शनिवारच्याच बाकी दोनमधून, रविवार लागलाच तर अख्खा अंतरा, लेव्हल हाताने, मग लय, मग सूर, मग कम्प्रेसर आणि रिव्हर्ब.

हे करूनही एखादी जागा अडली तर पाठवा, ऐकून सांगतो. कराओके वेगळं आणि आवाज वेगळा, आवाजावर काहीही इफेक्ट न लावता, वेव्ह फाइल, आणि अडलेल्या जागेच्या मागच्यापुढच्या चार ओळी तरी हव्यात. व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून टाका, ऑडिओ म्हणून टाकलंत तर फाइल लहान करण्यासाठी आवाज बिघडवला जाऊ शकतो आणि मग मला जोड कुठला आणि व्हॉट्सअॅपची करामत कुठली ते सांगता येणार नाही.